मायनस पाच छापणाऱ्या महाशयांस

स्लीपिंग बॅगांवर तापमान छापणारे महाशय,



पत्र खुले आहे, कारण तुमच्या बॅगेवर आकडा ठसठशीत असला तरी पत्ता कुठेच नाही. वजन सातशे ग्रॅम, किंमत अठराशे रुपये आणि वर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत 'मायनस पाच'. एवढ्याशा पैशांत तुम्ही हिमालय गुंडाळून देता, आणि तेही घरपोच. तुमचे दातृत्व पाहून ऊर भरून आला.

गिऱ्हाईकही छान निवडलेत. आम्ही सोलापूरचे. मे महिन्यात त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंश सोसणे आम्हाला जमते, थंडीतले मात्र आम्हाला काही कळत नाही. डिसेंबरात रात्री पारा पंधराच्या आसपास आला की आमच्याकडे कानटोप्या निघतात, आणि संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत मफलर गुंडाळून भजी खाल्ली की हिवाळा साजरा झाला. पाच अंश आणि मायनस पाच अंश यांतला फरक आमच्या अंगाला ठाऊकच नाही. अशा माणसाला आकडा विकणे किती सोपे! तुम्ही तो विकलात आणि माझा भाचा मित्रांबरोबर तुमची बॅग घेऊन डिसेंबरात हिमालयात केदारकंठ्याच्या ट्रेकला गेला.

सुखरूप परत आला, हे तुमचे नशीब. पायथ्याच्या सांकरी गावाच्या वरच्या कॅम्पात तो दोन पायमोजे, स्वेटर, जाकीट आणि मित्राचे जास्तीचे जाकीट एवढे चढवून तुमच्या बॅगेत शिरला आणि उजाडेपर्यंत जागा राहिला. सातशे ग्रॅमची बॅग उबदार करायला बरोबर दीड किलोचे कपडे वाहायचे! हलके ओझे म्हणतात ते हेच असावे.

आता तुम्हाला ठाऊक असलेली, पण पिशवीवर मावत नसलेली माहिती इथे लिहितो. स्लीपिंग बॅग तपासायचे एक रीतसर मानक आहे. युरोपात ते २००२ मध्ये आले आणि पुढे 'आयएसओ २३५३७' झाले. त्यात गरम होणारा पुतळा पातळ कपडे घालून, खाली मॅट टाकून, थंड खोलीतल्या बॅगेत निजवतात. त्यातून जे आकडे काढतात, त्यांतले तीन गिऱ्हाइकाच्या कामाचे. पहिला 'कम्फर्ट', म्हणजे सर्वसाधारण बाई ज्या थंडीत सैल पडून झोपू शकेल तो. दुसरा 'लिमिट', म्हणजे सर्वसाधारण पुरुष ज्यात पाय पोटाशी घेऊन कशीबशी रात्र काढेल तो. तिसरा 'एक्स्ट्रीम': यात झोपेचा प्रश्नच नाही, सहा तास जीव टिकावा एवढीच अपेक्षा. तुमचा मायनस पाच यांतला कुठला? माझा अंदाज तिसरा. पण तुमच्या पुतळ्याने खरेच ती रात्र काढली की नुसता फोटो काढून घेतला, याचीही मला शंका आहे.

थोडा हिशेबही मांडू. हलक्या बॅगेची ऊब असते बदकाच्या किंवा हंसाच्या मऊ पिसांत, कारण ती फुलून हवा धरून ठेवतात. पिसे किती फुलतात ते 'फिल पॉवर'मध्ये मोजतात: ८०० फिल पॉवरची एक औंस पिसे, म्हणजे जेमतेम २८ ग्रॅम, फुलली की तेरा लिटर जागा व्यापतात. तेलाचा मोठा डबा भरत आला असे समजा. म्हणून सहाशे ग्रॅममध्ये खरोखर मायनस पाचपर्यंत तग धरणारे पांघरूण बनते, नाही असे नाही. पण त्याला पंचवीस हजारांच्या पुढे मोजावे लागतात आणि ते बऱ्याचदा क्विल्ट असते. अंगाखाली दबलेली पिसे ऊब देत नाहीत, म्हणून खालची बाजू सरळ काढून टाकलेली असते. अमेरिकेत रे जार्डीन नावाच्या पायी भटक्याने १९९२ च्या आपल्या पुस्तकातून हा विचार रुजवला. मग जमिनीची थंडी अडवायचे काम मॅटचे, आणि तिचे वजन निराळे. तुमच्या सातशे ग्रॅममध्ये पिसे नाहीतच. आहे तो पॉलिएस्टरचा कापूस, आणि त्याला तेवढ्याच उबेसाठी दुप्पट वजन लागते. तुम्ही ते निम्म्यात बसवलेत. नोबेल समितीला कळवले आहे का?

तुमचा एक अंदाज मात्र चुकला. थंडी आम्हाला कळत नसेल, कापड कळते. १८७७ साली इथे 'जुनी मिल' म्हणतात ती कापडगिरणी उभी राहिली, तेव्हापासून या गावाचे पोट सुतावर आहे. आजही चाटी गल्लीत चादर घेताना म्हातारी माणसे आधी ती हातावर तोलतात. आमच्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, आणि तरीही परगावची चादर 'सोलापुरी' म्हणून खपवणारे भेटतातच. त्यामुळे खोट्या लेबलाची आम्हाला चांगली ओळख आहे.

तर अक्कलकोट रोडच्या एका यंत्रमागवाल्याकडे तुमची बॅग नेली. त्याने ती खिडकीच्या उजेडासमोर धरली. शिलाईच्या रांगा आरपार, प्रत्येक रांगेत उजेड. "हितं तर दोन कापडं नुसती चिकटवल्यात की ओ," तो म्हणाला. "थंडी ह्याच रेघांतनं येणार." मग त्याने एक कप्पा चिमटीत धरला. भरण एका कोपऱ्यात गोळा होऊन बसले होते, मधे मोकळे रान. हलकेपणाचे रहस्य तेवढेच.

तरी तुमचा माल अगदीच वाया जाऊ नये, असे वाटते. पावसाळ्यात नळदुर्गला मुक्काम केला तर तो उत्तम चालेल. पिसे भिजली की लोळागोळा होतात, तुमच्यात ती भीती नाही. फक्त तिथे मायनस पाच होत नाही, एवढीच अडचण. एक करा: आकडा खोडून त्या जागी 'प्लस पंधरा' छापा आणि किंमत तीच ठेवा. सोलापुरात मी स्वतः शिफारस करीन.

आपला,
एक मामा

ता. क. झिप दोनदा अस्तर चावून अडकली. भाचा म्हणतो, तेवढाच वेळ अंगात ऊब आली.