उन्हाळी शिबिरांच्या संचालकांना अनावृत पत्र

सन्माननीय संचालक महोदय (सर्व शाखा, सर्व शहरे) यांसी,



आपलं माहितीपत्रक मिळालं. परीक्षेचा शेवटचा पेपर व्हायच्या आत ते घरात येऊन पडलं, त्याबद्दल आपल्या तत्परतेचं कौतुक. ‘आपलं मूल सामान्य नाही’ हे पहिलंच वाक्य वाचून आम्हां उभयतांचा ऊर भरून आला. आमच्या मुलीला न भेटता, न बघता आपण हे ओळखलंत! मजल्यावरच्या बाकीच्या तिन्ही घरांतल्या मुलांबद्दलही आपण हेच ओळखल्याचं मागाहून कळलं, पण त्यानं आमचा आनंद काही कमी झाला नाही.

दहा दिवस, रोज तीन तास, शुल्क ९,९९९ रुपये अधिक जीएसटी. त्यात रोबोटिक्स, कोडिंग, वैदिक गणित, सुलेखन, वक्तृत्व, लीडरशिप आणि पिझ्झा. तीस तासांत सात विद्या! या वेगानं चौसष्ट कला तीन महिन्यांत आटोपतात. पूर्वीचे लोक गुरुगृही बारा वर्षं उगाच घालवत. सख्खं भावंड आणल्यास दहा टक्के सूट आहे, हेही वाचलं. आमची एकुलती एक आहे. चुलत चालेल का?

आपले काही व्यवसायबंधू मुलांचा ‘मिडब्रेन’ जागा करून त्यांना डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवतात. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं अशा दाव्यांना आव्हान दिलं. नाकाच्या कडेला राहिलेल्या फटीतून मुलं खाली बघतात, एवढंच त्यातलं रहस्य. आपण निदान पट्टी बांधत नाही, याची कृतज्ञ नोंद घेतो.

आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या ताईंचा मुलगा महापालिकेच्या शाळेत जातो. शिष्यवृत्तीच्या यादीत त्याचं नाव आलं. आमच्या बंद पडलेल्या मिक्सरमध्ये काय बिघडलंय, हे त्यानं वास घेऊन सांगितलं. आपलं शुल्क म्हणजे त्याच्या आईचा चार घरचा महिन्याचा पगार. त्यांच्या वस्तीत आपलं पत्रक गेलेलं नाही, त्या अर्थी तिकडची मुलं सामान्य असावीत.

असो. आपले हितचिंतक या नात्यानं, बाजार बिघडवणाऱ्या काही मंडळींची माहिती आपल्या कानावर घालतो.

पहिला संशय पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेवर. तिथल्या उन्हाळी उपक्रमात शाळांनी पाठवलेली आठवी-नववीची मुलं आठवडाभर एखाद्या शास्त्रज्ञाजवळ बसतात. ठरलेला अभ्यासक्रम नाही. काय करायचं ते दोघं मिळून ठरवतात. अशा बेशिस्तीतून काय निष्पन्न होणार? त्याच आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता नावाच्या गृहस्थांनी कित्येक वर्षं टाकाऊ वस्तूंची खेळणी केली. ती कशी करायची याची पुस्तकं आणि चित्रफिती कोणालाही फुकट बघता येतात. अशा माणसाला आवरायचं सोडून सरकारनं २०१८ साली पद्मश्री दिली.

त्यांची एक मोटर आमच्या मुलीनं केली. एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक, सायकलच्या ट्यूबचं कापलेलं रबर आणि इनॅमल चढवलेल्या तांब्याच्या तारेची गुंडाळी. तारेच्या एका टोकाचं इनॅमल पूर्ण खरवडायचं, दुसऱ्या टोकाचं मात्र निम्म्याच बाजूनं. तिनं दोन्ही टोकं स्वच्छ खरवडली. गुंडाळी फिरेना, नुसती जागच्या जागी डुलायला लागली. का डुलते, हे शोधण्यात अख्खी दुपार गेली. अर्धा फेरा वीज मिळायला हवी आणि अर्धा फेरा तुटायला हवी, हे तिला कळलं तेव्हा तिन्हीसांज झाली होती. आपल्या वेळापत्रकात ‘का चालत नाही’ या विषयाला तास नाही. बरोबरच आहे, आपलं किट पहिल्याच दिवशी चालतं.

दुसरा संशय बालभारतीवर. ही संस्था १९७१पासून ‘किशोर’ मासिक काढते, आणि जुने अंक तिनं संकेतस्थळावर विनामूल्य ठेवले आहेत. तिसरा संशय गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांवर. राज्यात १९६७पासून ग्रंथालयांचा कायदा आहे, त्याखाली त्यांना अनुदान मिळतं, आणि बालविभागाची वर्गणी आपल्या पिझ्झ्याच्या चीजइतकीही नसते.

पण आपला सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी सूर्य. तो मे महिन्यात महाराष्ट्र आणि गोव्यात प्रत्येक गावाच्या बरोबर डोक्यावर येतो. कोल्हापुरात मेच्या पहिल्या आठवड्यात, पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास, मुंबईत त्यानंतर एक-दोन दिवसांनी, नागपुरात २६ मेच्या आसपास. राजधानी दिल्ली कर्कवृत्ताच्या पलीकडे, तिला हे भाग्य कधीच लाभत नाही. त्या दिवशी पुण्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास गच्चीत मीटरभर उंचीची सरळ काठी उभी केली, की सावली तिच्या पायाशी गडप होते.

आता नागपूरच्या निवृत्त आत्याला त्याच दिवशी तसलीच काठी उभी करायला सांगायची. तिच्याकडची सर्वांत आखूड सावली वीसेक मिनिटं आधीच येते, कारण नागपूर पूर्वेला. आणि साडेचार सेंटिमीटरच्या आसपास उरते, कारण नागपूर उत्तरेला. काठीएवढ्या, म्हणजे एक मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ ६२८ सेंटिमीटर; त्यात साडेचार सेंटिमीटर सुमारे १४० वेळा बसतात. पृथ्वीच्या परिघात पुणे-नागपूरचं उत्तर-दक्षिण अंतरही तितक्याच वेळा बसायला हवं. नागपूर पुण्याहून सुमारे २९० किलोमीटर उत्तरेला आहे. हे रस्त्याचं अंतर नव्हे, नकाशावर फक्त खालून वर मोजलेलं. २९० गुणिले १४० म्हणजे ४०,६००. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. बावीसशे वर्षांपूर्वी एरॅटोस्थेनीसनं इजिप्तमध्ये केलं ते हेच. साहित्य दोन काठ्या, एक फोन, एक आत्या. जीएसटी नाही.

इथवर वाचून आपण गालात हसला असाल, आणि ते रास्त आहे. आयुका पुण्यात आहे. तिथल्या जागा मोजक्या, आणि शाळेनं नाव पाठवलं तरच दार उघडतं. बरीच वाचनालयं ऐन दुपारी बंद असतात. आणि साडेबाराला भर उन्हात काठीशेजारी उभं राहायला घरात एक मोठं माणूस लागतं. आम्ही दोघं साडेनऊलाच घराबाहेर पडतो. आजी-आजोबा त्यांच्या गावी, त्यांच्या गुडघ्यांसह. मामाही नोकरी करतो.

तेव्हा महोदय, आता व्यवहाराचं बोलू. आपण प्रतिभा विकत नाही आणि आम्हीही ती विकत घेत नाही. सकाळी दहा ते एक आमचं मूल सुरक्षित जागी, पंख्याखाली, चार मुलांत राहील, याचे पैसे आम्ही मोजतो. पाळणाघर सातव्या-आठव्या वर्षी सुटतं, कचेरी सुटत नाही. ही गरज खरी आहे, आणि ती भागवण्यात कमीपणा काहीच नाही. फक्त पाटीवर तसं लिहा: ‘मे महिन्यात मुलं सांभाळून मिळतील.’ भाव आपोआप उतरेल, कारण सांभाळण्याचा दर सगळ्यांना ठाऊक असतो. ‘जीनियस’ करण्याचा कोणालाच ठाऊक नसतो, म्हणून तो आपण म्हणाल तो.

जागेची चिंता नको. महापालिकेच्या शाळांचे वर्ग मेमध्ये कुलूपबंद असतात. परवानगीच्या अर्जावर सह्या गोळा करायला आम्ही पालक येतो. कॉलेजातली विज्ञान शाखेची दोन मुलं मानधनावर ठेवा, वाचनालयातून पेटीभर पुस्तकं आणा, कपाटात सेल, तारा, चुंबकं आणि सेफ्टी पिना ठेवा. सात विद्या नकोत. मुलांनी काहीतरी बिघडवावं आणि ते का बिघडलं हे शोधायला त्यांना दुपारपर्यंत कोणी उठवू नये, एवढं एकच कलम वेळापत्रकात असू द्या. समारोपाला पालकांसमोर नाच नको. शुल्क असं ठेवा, की ताईंना ते देताना उचल घ्यावी लागू नये.

हे मान्य असेल तर प्रवेश अर्ज पाठवावेत. दोन पाठवा. एक आमच्या मुलीसाठी, एक ताईंच्या मुलासाठी. भावंडांची सवलत लावायची की कसं, ते आपण ठरवा.

कळावे, लोभ आहेच, तो वाढू देऊ नये.

आपली नम्र,
एका असामान्य मुलीची सामान्य उत्पन्नाची आई