अहो, दूध!

पुण्यात संध्याकाळी सातच्या सुमारास पायी फिरायला निघावं. ही वेळ खिडक्यांची. घरात दिवे लागलेले असतात आणि पडदे ओढायचं अजून कुणाला सुचलेलं नसतं. तळमजल्यावरचे आजोबा टीव्हीवरच्या बातमीदाराला चार गोष्टी सुनावत असतात. तो त्यांना बोलू देत नाही. वरच्या मजल्यावर एक पोरगा येरझाऱ्या घालत सतराचा पाढा म्हणतो आणि चोकापाशी येऊन अडतो. आपण पुढे निघून जातो, पण ‘अडुसष्ट’ कोपऱ्यापर्यंत जिभेवर घोळत राहतं.

माझा एक नियम आहे. बघावं, पण पाऊल थांबवू नये. चालत्या माणसाचं ते सहज बघणं; थांबला की डोकावणं.

हा नियम सुप्यात एका दिवसात मोडला. बारामती तालुक्यातलं हे सुपे माझ्या आत्याचं गाव. तिच्या जुन्या माळवदी घराच्या मातीच्या भिंती इतक्या जाड, की वैशाखाचं ऊनही आत यायला बिचकतं. रस्त्याकडे गजांची एकच खिडकी. बाकी उजेड वरच्या सान्यातून पडेल तेवढा. सकाळी गल्लीतून जाताना अशाच एका खिडकीत माझी नजर गेली. सुप्यातल्या एक आजी सुपात ज्वारी पाखडत होत्या. मी शब्दाच्या गमतीवर मनाशी हसलो. पाऊल थांबवलं नव्हतं, तरी आतून आवाज आला, “कोण म्हणायचं?”

मी नाव सांगितलं.

“कुणाकडचं पावणं?”

मी आत्याचं घर दाखवलं.

“मग भायेर का हुबं? या की आत.”

दुपारपर्यंत मी तीन खिडक्यांत पाहिलं आणि तीन चहा प्यालो. शहरात खिडकीतून बघणं फुकट असतं. सुप्यात त्याचे पैसे पडत नाहीत, पण पित्त होतं. जरा मोकळा वारा खावा म्हणून संध्याकाळी मयूरेश्वर अभयारण्याकडे गेलो. तिथले चिंकारे मला माझ्याच गोत्राचे वाटले. थोडं पळतात, थांबतात, मान वळवून बघतात आणि चहाला काही बोलवत नाहीत.

सुप्याच्या माणसांना मात्र एकेकाळी बंद दाराआड काय चाललंय ते न दिसण्याचा जाच ठाऊक होता. सावकाराच्या पेटीत आपल्या नावावर काय लिहिलंय ते कुणब्याला बहुधा वाचताच येत नसे. त्यातली निशाणी तेवढी त्याची. १२ मे १८७५ रोजी, ऐन बाजाराच्या दिवशी, याच सुप्यात लोक सावकारांच्या घरादुकानांवर चालून गेले. तिथून ते लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावोगाव पोचलं. बहुतेक ठिकाणी लोकांचा डोळा कर्जरोख्यांवर होता. ते हाती लागले, की फाडायचे, जाळायचे. पुढे १८७९ साली सरकारला शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला आणि कर्जदाराला पावती आणि खात्याचा हिशेब मागायचा हक्क मिळाला. म्हणजे पेटीला एक खिडकी पाडली म्हणायची! ती पाडायला सबंध मुलूख पेटावा लागला.

दुसऱ्या दिवशी आत्या देवळात गेली आणि जाताना दूध माझ्या हवाली करून गेली. मी सान्यातून पडलेला उन्हाचा कवडसा बघत बसलो. तेवढ्यात खिडकीच्या गजांतून हाक आली, “अवं पावणं, दूध उतू चाललंय!” डोक्यावर पाटी घेतलेल्या एक बाई होत्या. मी गॅस बंद करून आभार मानायला वळेपर्यंत त्या गल्लीच्या टोकाला पोचल्या होत्या. बघितलं, सांगितलं, निघाल्या. पाऊल त्यांनीही थांबवलं नव्हतं. फरक एवढाच, की त्यांनी तोंड उघडलं होतं.

परवा पुण्यात माझ्या गॅलरीत उभा होतो. समोरच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात पातेल्यातलं दूध वर चढत होतं. जवळ कुणी नव्हतं. त्या घरातल्यांचं नाव मला माहीत नाही. सहा वर्षं आम्ही एकमेकांचे कपडे वाळताना पाहतोय, तेवढीच ओळख. क्षणभर संकोचलो. मग सुप्याचा चहा कामाला आला आणि मी ओरडलो, “अहो, दूध!”

एकदम चार मजल्यांवर चार माणसं आपापल्या गॅसकडे धावली.

तिसऱ्या मजल्यावरचं दूध वाचलं. उरलेल्या तिघांकडे गॅसवर दूध नव्हतंच. ते तिघं अजून खिडकीत येऊन ओरडणारा शोधत असतात, आणि मी पडद्याआडून त्यांना बघत असतो.