बोल्टतोडे गुरुजी

गाडीचे काम घरच्या घरी करताना बोल्ट तोडणारा माणूस बहुधा निवृत्त असतो, त्यातही बहुधा विज्ञानाचा शिक्षक असतो आणि त्याच्याकडे जुनी मारुती ८०० असते. ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. गुरुजींच्या अंगणात मात्र तिची जुळवाजुळव अजून संपलेली नाही. गुरुजींचे अणदूर सोलापूर–हैदराबाद महामार्गावर असल्याने मिस्त्रींची वानवा नाही. पण जन्मभर पोरांच्या वह्या तपासलेल्या माणसाला आपले काम दुसऱ्याने तपासावे हे रुचत नाही, आणि त्याबद्दल मजुरी द्यावी हे तर मुळीच नाही.

हत्यारे खोबरेल तेलाच्या रिकाम्या डब्यात असतात. हवा तो पाना त्यात नसतो, कारण तो कोणीतरी मागून नेलेला असतो. अणदूरचा खंडोबा सव्वादहा महिने गावात आणि पावणेदोन महिने नळदुर्गला असतो, आणि ठरल्याप्रमाणे परत येतो. देव नेण्या-आणण्याचा दोन्ही गावांत लेखी करार असतो. पान्याचा नसतो.

निवृत्ताला सगळे वार सारखे, तरी कामाचा मुहूर्त रविवारचाच निघतो, कारण त्या दिवशी प्रेक्षक मिळतात. सायलेन्सर फडफडतो, दोष मॅनिफोल्डच्या गॅस्केटचा निघतो, म्हणजे बोल्ट खोलणे आले. हे बोल्ट वर्षानुवर्षे तापून निवलेले असतात. लोखंड गंजले की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि आट्यांत ठासून बसतो. शिवाय बोल्ट पोलादी, इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे. दोन धातूंच्या मध्ये ओल शिरली की त्यांचे जमेनासे होते. अशा बोल्टवर तेल सोडून रात्रभर थांबायचे असते. गुरुजी थेंबभर डिझेल टाकतात आणि चहा होईपर्यंत थांबतात.

बोल्टचे डोके बाराचे असते. बारा-तेराच्या पान्याचे तेराचे टोक आधी हाताला लागते आणि डोक्याचे कोपरे जातात. मग बाराचे टोक हातोडीने ठोकून बसवले जाते आणि बोअरचा जुना जीआय पाइप येतो. या पाइपामागे शास्त्र आहे. आठ मिलिमीटरचा बोल्ट आवळायला साधारण २५ न्यूटन-मीटर पुरतात. म्हणजे पाव मीटर लांबीच्या पान्यावर दहा किलोचा भार. पाइप घालून लांबी एक मीटर केली की अडीच किलोतच तेवढे काम होते. तरफेचा हा धडा गुरुजींनी हजार पोरांकडून घोकून घेतलेला असतो. स्वतः मात्र ते त्या पाइपवर ‘येळकोट येळकोट’ म्हणत साठ किलोंनिशी रेलतात.

त्यानंतरचे काही क्षण या माणसाच्या आयुष्यातले अत्यंत सुखाचे असतात. आधी करकर ऐकू येते. मग पाना अचानक मऊ चालू लागतो. ‘सुटला!’ गुरुजी ओरडतात. सुटलेला नसतो. बोल्टच्या डोक्यावर ८.८ कोरलेले असले, तर तुटण्याच्या ताणाच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत तो तग धरतो; त्यापुढे कायमचा ताणला जातो, पिळतो, आणि हाताला अगदी सैल झाल्यासारखा लागतो. अनुभवी मिस्त्री इथे हात काढतो, बोल्ट जरा उलटा आवळतो, पुन्हा तेल सोडतो. गुरुजी घरात हाक मारतात, ‘अगं, बाहेर ये, बघ!’ त्या बाहेर येतात तेव्हा पान्यात नुसते डोके असते.

‘तुटला वाटतं,’ त्या म्हणतात.

‘कंपनीनं माल हलका लावलाय.’

यापुढे ड्रिल. तुटक्या बोल्टच्या बरोबर मध्यावर पंच मारून भोक पाडायचे असते. ड्रिल कडेला घसरते आणि मऊ ॲल्युमिनियम खात सुटते. भोकात उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर घालतात. तो फार कडक पोलादाचा, म्हणून ठिसूळ असतो. तोही आत मोडला की साध्या ड्रिलचे तिथे काही चालत नाही. एव्हाना प्रेक्षक पांगलेले असतात.

सोमवारी हेड पिशवीत घालून सोलापूर. टर्नर आधी मोडका एक्स्ट्रॅक्टर बाहेर काढतो, आणि मजुरीतला मोठा हिस्सा त्याचाच असतो. मग बोल्टच्या शिल्लक बुंध्यावर नट ठेवून वेल्डिंगचा टिपका मारतो. तापून निवताना गंजाची पकड सुटते आणि साध्या पान्याने तुकडा बाहेर येतो. खराब झालेल्या आट्यांत तारेच्या गुंडाळीचे नवे आटे बसवून तो हेड परत देतो.

‘गुरुजी, बसवताना बेतानं आवळा.’

‘पंचवीस न्यूटन-मीटर,’ गुरुजी म्हणतात. ‘बाळ, तुझ्या जन्माआधीपासून शिकवतोय.’

घरी येऊन ते नवा बोल्ट हातानेच आवळतात, व्यवस्थित बसतो. मग पुन्हा सैल व्हायला नको म्हणून पाइप आणायला जातात.