आजारपणासाठी तंदुरुस्ती आवश्यक

सरकारी आरोग्यसेवेचा लाभ घेण्यापूर्वी ज्येष्ठांनी प्रकृती सुधारून घ्यावी, अशी आमची नम्र सूचना आहे. आजारी माणसाला ते झेपायचे नाही.

सेवा नाही असे कोण म्हणेल? सपाटीवर 30 हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात 20 हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा निकषच आहे. आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत. पंच्याहत्तरी गाठली की एसटीही फुकट. राहता राहिले घर ते एसटीचा थांबा एवढेच अंतर! तेवढ्याला रिक्षावाला काय घेतो, ते मात्र कुठल्याच योजनेत बसत नाही.

2024 च्या ऑक्टोबरपासून सत्तरी पार केलेल्यांना, उत्पन्नाची चौकशी न करता, वय वंदना कार्डावर वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. अट एकच, दाखल व्हायला हवे. बीपी, साखर आणि गुडघे ही मंडळी दाखल न करताच छळतात, हा त्यांचा दोष. कार्ड काढायला जावे तर जन्मभर भात लावलेल्या आजीचा अंगठा उठत नाही. ओटीपी येतो मुलाच्या मोबाइलवर आणि मुलगा असतो चाकणला, दुसऱ्या पाळीत. खिडकीवर प्रश्न येतो, ‘‘आजी, सोबत कोण आहे?’’ सोबत कोणी असते तर आजी निम्मी बरी नसती का झाली?

रुग्णालयात ज्येष्ठांची रांग वेगळी हवी, असे 2007 चा कायदा सांगतो. बाकाबद्दल तो काही बोलत नाही. शेवटी डॉक्टर म्हणतात, ‘‘वयोमानानुसार असं होणारच.’’ आजी घरी येऊन तेच सुनेला सांगते आणि पुढच्या महिन्यात जातच नाही. तिचे नाव गळाले की रांग तेवढी आखूड होते आणि अहवाल तेवढा सुधारतो.

म्हाताऱ्यांच्या दारी जाणे यंत्रणेला जमत नाही, असे मात्र समजू नका. 2024 च्या निवडणुकांत पंच्याऐंशी ओलांडलेल्या ज्या मतदारांनी अर्ज भरला, त्यांच्या घरी मतदान अधिकारी गेले, सोबत कॅमेराही गेला. मतपत्रिकेला सापडलेला हा रस्ता महिन्याच्या बीपीच्या गोळ्यांनाही दाखवावा. त्यांना कॅमेरा नसला तरी चालेल.