चि. डॉट सीएन यास काकाचं खुलं पत्र

चि. डॉट सीएन यास,
डॉट कॉमकाकाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तू परदेशी संस्थांना दारातून हाकलतोस, अशी कागाळी कानावर आली. साफ खोटं! संकेतस्थळाच्या पत्त्याला लावायला चीनचं ‘.cn’ हे नाव तर तू त्यांनाही देतोस. संस्थेची कागदपत्रं दाखवली, पडताळणी झाली, की नाव त्यांचं. मराठी घरात नव्या नवरीला उंबरठ्यावर अडवून ‘नाव घे’ म्हणतात आणि नाव घेतलं की आत सोडतात. तुझ्याकडे नाव घेऊनही नवरी उंबरठ्यावरच, एवढाच काय तो फरक.

आत यायचं, म्हणजे संकेतस्थळ चीनच्या मुख्य भूमीवरच्या सर्व्हरवर ठेवायचं, तर ‘बेइआन’ हवं, सरकारदरबारी नोंद. ती मागायला संस्थेची चीनमध्येच कंपनी किंवा प्रतिनिधी कार्यालय हवं. थोडक्यात, खोली भाड्याने हवी असेल तर आधी गावातलं घर दाखवा! स्वयंसेवी संस्था असेल, तर २०१७ पासून त्या कार्यालयासाठीही आधी एक चिनी पालक संस्था शोधायची आणि मग पोलीस खात्यात नाव घालायचं.

पुढे सर्व्हरवाला कागद तपासणार, मग प्रांताचं दूरसंचार कार्यालय. क्रमांक मिळाला की तो पहिल्या पानाच्या तळाशी लावायचा. सुरुवातीला ‘जिंग’ असेल तर बीजिंग, ‘हू’ असेल तर शांघाय. थेट मोटारीच्या नंबरप्लेटसारखं. शिवाय तीस दिवसांत पोलिसांकडे वेगळी नोंद. पैसे कमवायचे असतील, तर नोंदीवर भागत नाही, परवाना लागतो.

पक्षपात मात्र तुझ्या अंगी नाही. डिसेंबर २००९ मध्ये तू घरच्या साध्या माणसांनाही तुझं नाव लावायला मनाई केलीस. त्यांना परत घरात घ्यायला २०१२ उजाडलं.

आता एक जुनी आठवण. तू लहान होतास, विसरला असशील. २८ नोव्हेंबर १९९० रोजी तुझं नाव नोंदलं गेलं, तेव्हा चीन इंटरनेटला नीट जोडलेलाही नव्हता. तुझा सर्व्हर ठेवायचा कुठे? जर्मनीतल्या कार्लस्रूह विद्यापीठाने जागा दिली. मे १९९४ मध्ये तू चीनला गेलास, तोवर साडेतीन वर्षं परक्या घरी वाढलास. कार्लस्रूहच्या प्राध्यापक वेर्नर त्सोर्न यांच्या मंडळींनी तुला ‘आधी जर्मनीत कंपनी काढ, मग ये’ असं सांगितलं नाही. पोलिसांत पाठवलं नाही, कपाळावर क्रमांकही चिकटवला नाही.

तुझी आजची नियमांची वही तेव्हा त्यांच्या हाती असती, तर बाळा, तू राहिला असतास कुठे?

तुझा,
डॉट कॉमकाका

ता. क. नोंदणी क्रमांक नसल्याने हे पत्र हाँगकाँगमार्गे पाठवतोय. तिथे बेइआन लागत नाही म्हणे. वाटेत तुमची इंटरनेटवरची भिंत आहे. उशिरा पोचलं तर रागावू नकोस.