दसऱ्याला उपास, कोजागिरीला नारळाचं दूध

अश्दोद, इस्रायल
11 ऑक्टोबर 2022

ती. आबाजी,


दसरा कसा झाला म्हणून फोनवर विचारत होतात. झालाच नाही जी! यंदा दसरा आणि यहुद्यांचा योम किप्पूर एकाच दिवशी, 5 तारखेला आला. त्या दिवशी इथे दुकान उघडत नाही, रस्त्यावर मोटार दिसत नाही. मोठी माणसं पंचवीस तास पाण्याचा थेंबही न घेता देवाची माफी मागतात आणि पोट्टे रिकाम्या चौपदरी रस्त्यावर सायकली पळवतात. आपलं पोट्टंही त्यांच्यात होतं. आता ते म्हणतं, तळेगावातून जाणारा नागपूर-अमरावती हायवेही एक दिवस असाच बंद करायला आबाजींना सांगा.

आपट्याची पानं इथे कुठली? दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजींच्या हातात मी कढीपत्ताच सोनं म्हणून ठेवला. त्यांनी आशीर्वाद दिला आणि सोनं फोडणीत घातलं.

या आजी बेने इस्रायल यहुदी, मूळ अलिबागकडच्या. नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, त्यातून वाचलेल्यांचे आम्ही वंशज, असं त्यांच्यात सांगतात. कोकणात ते तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावानं त्यांना ‘शनिवार तेली’ करून टाकलं.

त्यांचं पंचांगही चंद्रावर चालतं आणि सूर्याशी मेळ घालायला एकोणीस वर्षांत सात अधिक महिने घेतं. यंदा त्यांचा नव्याचा सण घटस्थापनेलाच आला. पुढे चौथ्या तिथीला खिरीचा सण: नव्या धान्याची खीर, नारळाच्या दुधात. पीक घरात आलं म्हणून देवाचे आभार. मी म्हटलं, “आजी, तुम्ही चौथ्या मजल्यावर राहता, तुमचं वावर कुठं आहे?” म्हणाल्या, “खातेस ना? मग कुणीतरी पिकवलं असेलच की.” मी गप्प झाले. पुढचा अर्धा तास त्या तांदळाच्या भावावर बोलल्या. पोळ्याला बैल ओवाळता ओवाळता तुम्ही कपाशीच्या भावाला शिव्या घालता, तेच आठवलं. देवाचे आभार आणि व्यापाऱ्याला शिव्या, दोन्ही एकाच तोंडानं. मला तरी त्यात काही खोट दिसत नाही.

परवा कोजागिरीच्या रात्री त्यांचा सुक्कोत सुरू झाला. अंगणात फांद्यांचा मांडव घालून त्यात जेवायचं, आणि छतातून चांदण्या दिसल्या पाहिजेत. (आपल्या गोठ्याचं छत या कामासाठी तयारच आहे.) आम्ही मसाला दूध घेऊन हजर! पण पानात मटण होतं आणि मटणावर दूध चालत नाही. आजींनी तोड काढली: नारळाचं दूध. केशर-वेलची घातल्यावर बरं लागतं, पण मोठ्या आईला सांगू नका.

खरी गंमत महाळुंगाची आहे. या सणाला ते हातात धरून प्रार्थना करतात. घेणारे भिंगातून तपासतात: सालीवर डाग नको, टोकाचं बोंड मोडलेलं नको. एका फळाचा भाव ऐकून तुम्ही संत्र्याची बाग उपटून टाकाल. पण थांबा, कलमी झाडाचं फळ चालत नाही! आणि आपली सगळी झाडं जंभेरीवर डोळा भरलेली. म्हणजे त्यांच्या शास्त्राप्रमाणे अख्खा आंबिया बहार बाद.

पुढच्या सोमवारी इथे पावसाची प्रार्थना आहे. यंदा तुमच्याकडे अतिवृष्टी, सोयाबीन पाण्यात. मी म्हटलं, आमचा थोडा घ्या. आजी म्हणाल्या, “लगेच नको.” यरुशलेमची वारी करून परतणारे भिजू नयेत, म्हणून रोजच्या प्रार्थनेत पाऊस मागायला पूर्वजांनी पंधरा दिवस थांबायला सांगितलंय. आणि आपण भर आषाढात पंढरपूरला निघतो!

आता कामाचं. मागच्या महिन्यात पोट्टं तापानं फणफणलं, तेव्हा आजींनी आम्हाला न विचारता एलियाहू हन्नाबीला मलिदा बोलला. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर फळं. नवस त्यांचा, ताप आमचा, तेव्हा पोहे आपल्याकडूनच गेले पाहिजेत. पार्सलात संत्री घालू नका, कस्टमवाले काढून घेतात. मुगवड्या घाला, आणि जाडे पोहे दोन किलो. पातळ पाठवाल तर आजी परत करतील.

तुमची नात