धाकट्याच्या पदवीनिमित्त सहकुटुंब दोन दिवसांचा दौरा : आयोजकांसाठी नियमावली

घरातले धाकटे भावंड पदवीधर झाले, की ‘कुठेतरी जाऊन येऊ या’ हा ठराव एकमताने मंजूर होतो. कुठे, कधी, कोणाच्या गाडीने आणि कोणाच्या खर्चाने या किरकोळ बाबी मोठ्या भावंडाकडे सोपवण्यात येतात. प्रस्तुत नियमावली त्या भावंडासाठी आहे. नमुना म्हणून पुण्यातले सातजणांचे कुटुंब, सिव्हिल इंजिनियर झालेला धाकटा भाऊ, जुलै महिना आणि वाई-महाबळेश्वर हा मार्ग धरला आहे. पदवीधराचा उल्लेख यापुढे ‘सत्कारमूर्ती’ असा केला जाईल. सत्कारमूर्तीने काय करायचे असते हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे : हार घालून घ्यायचा आणि इतरांची भाषणे ऐकायची.

१. मुहूर्त

निकाल लागला म्हणजे पदवी हातात आली असे नव्हे. आधी मार्कशीट येते, मग तात्पुरते प्रमाणपत्र, आणि पदवीदान समारंभ यथावकाश. ‘हातात कागद पडल्याशिवाय काही खरं नाही,’ असे काका म्हणतात. ‘एकदा नोकरीवर रुजू झाला की सुटी कुठली,’ असे आई म्हणते. आईचे मत ग्राह्य धरावे.

महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला मोठा वाटा जुलैतच उरकतो, त्यामुळे या महिन्यात तिथे जाऊ नये हे सर्वांना मान्य असते. पण हॉटेलांचे दरही याच महिन्यात उतरलेले असतात. बाबांनी हा मुद्दा मांडला की चर्चा संपली असे समजावे. सत्कारमूर्तीने मध्येच गोव्याचे नाव काढलेले असते. ते इतिवृत्तात नोंदवावे. त्यावर कार्यवाही करण्याची आवश्यकता नाही.

२. आसनव्यवस्था

सात सीटर गाडीत सात माणसे बसतात हा गैरसमज आहे. सात माणसे, चार बॅगा, पाच छत्र्या, दशम्यांचा डबा, चहाचा थर्मास आणि ‘तिथलं पाणी बाधलं तर?’ म्हणून घेतलेला वीस लिटरचा कॅन बसतो. चालवायला बाबा. शेजारी काका, कारण त्यांना रस्ता माहीत आहे. ते वाटेतल्या सर्व पाट्या मोठ्याने वाचतील. मधल्या रांगेत एका खिडकीशी आजी (गुडघे), दुसऱ्या खिडकीशी काकू (गाडी लागते), मध्ये आई, मांडीवर डबा. काकूंच्या पिशवीत आवळासुपारी, आलेपाक आणि दोन रिकाम्या पिशव्या आहेत याची खात्री निघण्यापूर्वी करावी, नंतर नव्हे.

मागच्या रांगेत सामान, तुम्ही आणि सत्कारमूर्ती. सत्कारमूर्तीची उंची सहा फूट असल्यास गुडघे हनुवटीला लागतात. हा दौरा त्याच्यासाठीच आहे, याची त्याला अधूनमधून आठवण करून द्यावी.

३. प्रस्थान

प्रत्येकाला निघण्याची वेगळी वेळ सांगावी. काकांना पाच, आईला साडेपाच, सत्कारमूर्तीला साडेचार. बाबांना काही सांगू नये. ते चारपासून गाडीत बसून हॉर्न वाजवत असतात. गाडी सोसायटीच्या फाटकापर्यंत गेली की आईला गॅसचा नॉब आठवेल. हा टप्पा टाळता येत नाही, म्हणून वेळापत्रकात दहा मिनिटे राखून ठेवावीत. वर जाऊन नॉब बघून येण्याचे काम सत्कारमूर्तीचे. लिफ्ट बंद असेल.

४. प्रश्नोत्तरांचा तास

‘मग, आता पुढे काय?’ हा प्रश्न कात्रजच्या बोगद्यात सुरू होतो. खेड शिवापूरच्या टोलनाक्यापर्यंत काका एमपीएससीवर येतात, शिरवळला काकूंच्या भाच्याचे कॅनडा निघते. सत्कारमूर्तीला पुढील उत्तर पाठ करायला लावावे : ‘एक-दोन ठिकाणी बोलणं चालू आहे.’ यापेक्षा अधिक माहिती दिल्यास काकांच्या ओळखीचे एक कार्यकारी अभियंता निघतात आणि त्यांना लगेच फोन लागतो.

पुण्याहून जाताना खंबाटकीचा घाट चढायचा आणि येताना बोगद्यातून यायचे, ही या रस्त्याची वर्षानुवर्षांची रीत. ‘जाताना बोगदा का नाही?’ हा प्रश्न बाबांनीही तितकीच वर्षे जपून ठेवलेला आहे. आता गाडीत सिव्हिल इंजिनियर आहे म्हटल्यावर तो त्यालाच विचारला जाईल. बोगदा तो पाळण्यात असताना झाला, ही सबब चालणार नाही. याच न्यायाने रस्त्यावरचे खड्डे, डोंगराला लावलेल्या जाळ्या आणि हॉटेलच्या बाथरूमची गळती या सर्वांना दोन दिवस तोच जबाबदार राहील.

५. वाई

सुरूर फाट्याला वळून वाईत आले की ढोल्या गणपतीचे दर्शन सक्तीचे आहे. हे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली कृष्णेच्या घाटावर बांधले. दर्शन झाले की सर्वांना छत्र्यांसह देवळाच्या मागे न्यावे. मागची भिंत माशासारखी निमुळती आहे. कृष्णेला पूर आला की पाणी त्या टोकावर येऊन दुभंगते आणि दोन्ही अंगांनी निघून जाते.

इथे काका ‘का रे, हे असं का बांधलं असेल?’ असे विचारतील. परीक्षकाचा सूर तोच, प्रश्न नवा. या वेळी सत्कारमूर्तीला अडवू नये. तो आईच्या हातातला पेढ्यांचा रिकामा खोका घेईल आणि घाटाच्या पायरीवरून पावसाचे पाणी वाहत असते, तिथे उकिडवा बसेल. खोक्याची सपाट बाजू पाण्यासमोर धरली की पाणी तुंबून वर चढते आणि खोका हातातून रेटला जातो. मग तो खोका वळवून कोपरा पुढे करील. पाण्याला वाट मिळेल, ते दोन धारांत फुटून निघून जाईल, आणि खोका नुसत्या दोन बोटांनी धरूनही जागचा हलणार नाही. ‘भिंत जाड करून भागत नाही, पाण्याला जायला जागा द्यावी लागते,’ असे तो भिजत भिजत सांगेल.

सगळे गप्प होतील. चार वर्षांची फी कुठे गेली हे कुटुंबाला प्रथमच दिसलेले असते. काका छत्री त्याच्या डोक्यावर धरतील. ही शांतता फार लांबणार नाही याची काळजी बाबा घेतील. ‘म्हणजे रास्त्यांच्या गवंड्याला हे कॉलेजात न जाता कळलं होतं,’ असे ते म्हणाले, की वातावरण पूर्ववत झाले असे समजून मंडळींना गाडीत बसवावे. आजी मात्र पसरणी घाट संपेपर्यंत ‘आमचा इंजिनियर’ म्हणत राहील. तिला थांबवू नये.

६. निसर्गदर्शन

जुलैत महाबळेश्वरचे सर्व पॉइंट सारखेच दिसतात : पांढरे. तरीही सगळे करावेत. केट्स पॉइंटच्या कठड्याशी उभे राहून बाबा धुक्यात बोट दाखवतील : ‘हे समोर धोम धरणाचं पाणी.’ सर्वांनी ‘वा!’ म्हणावे. इथल्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, परंतु तिचा हंगाम कधीच संपलेला असतो. जॅमच्या बाटलीवर समाधान मानावे. कांदाभजी आणि भाजलेले कणीस यांना मात्र हंगामाची अट नाही.

जुन्या महाबळेश्वरात पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे पाणी एका गोमुखातून येते. ‘मग आमच्या नळाला का येत नाही?’ हा काकूंचा प्रश्नही सत्कारमूर्तीकडे वर्ग करावा.

७. मुख्य समारंभ

तो हॉटेलच्या खोलीत रात्री आठ वाजता, वीज गेल्यावर होतो. काडेपेटी सर्दावलेली असते. काड्या दोन-दोन एकत्र ओढाव्यात. आई औक्षण करील. आजी पाकीट देईल, त्यात पाचशे एक रुपये असतील. ते ‘कशाला गं आजी’ असे म्हणून लगेच घ्यावेत, कारण दुसऱ्यांदा आग्रह करण्याची तिची पद्धत नाही. काका स्वतःच्या १९८७ च्या निकालावर वीस मिनिटे बोलतील. बाबा ‘चांगलं झालं’ एवढेच बोलतील आणि चष्मा पुसतील. धुक्याने काच ओली होते. सत्कारमूर्तीने बोलायला तोंड उघडताच दारात वेटर ताटे घेऊन उभा राहील. पिठले गार होऊ नये म्हणून त्याचे मनोगत पुढील कार्यक्रमापर्यंत तहकूब करावे.

८. परतीचा प्रवास आणि समारोप

काका मेढ्यामार्गे साताऱ्याला जाऊन कंदी पेढे घेण्याचा आग्रह धरतील. केळघर घाटात दरड आलेली नाही याची खात्री करूनच संमती द्यावी. खर्चाच्या हिशेबात सत्कारमूर्तीला वाटेतल्या चहाचे पैसे देण्याची मुभा आहे. जेवणाच्या बिलाला त्याने हात लावल्यास बाबांनी त्याचा हात बाजूला करावा आणि पुढचे वर्षभर ही गोष्ट सर्वांना सांगावी.

फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकण्यापूर्वी तपासावेत. सत्कारमूर्ती एकाही फोटोत नाही असे आढळेल, कारण सगळे फोटो त्यानेच काढलेले असतात. औक्षणाचा फोटो तुम्ही काढलेला असतो, पण तेव्हा वीज नव्हती.

सोसायटीत पेढे तुम्ही वाटायचे आहेत. शेजारच्या काकू पेढा तोंडात टाकतील, धाकट्याचे कौतुक करतील, दुसरा पेढा उचलतील आणि विचारतील, ‘मग, आता स्थळं बघायला सुरुवात करायची ना?’ हा प्रश्न सत्कारमूर्तीबद्दल नसून तुमच्याबद्दल आहे. त्याविषयी स्वतंत्र परिपत्रक काढण्यात येईल. तोपर्यंत ‘एक-दोन ठिकाणी बोलणं चालू आहे’ असे सांगून खोका पुढच्या दारी न्यावा.